आबांची डावी बाजू

चाळिशीतले माझे बहुतेक रविवार आबांच्या जीपमध्ये गेले. आबा म्हणजे माझे वडील. ते आणि आई मुरगूडजवळच्या आमच्या गावात, मी लग्न होऊन कोल्हापुरात. रविवारी लोक उशिरा उठतात, मटण आणतात, दुपारी ताणून देतात. मी सकाळच्या पहिल्या बसनं गावाला जायची, आबांच्या डाव्या हाताला बसून जीपनं परत कोल्हापूरला यायची, त्यांची कामं उरकली की पुन्हा त्यांच्याबरोबर गावाला, आणि तिथून पुन्हा बसनं घरी. नवरा म्हणायचा, "तुझ्यापेक्षा कंडक्टर कमी फिरत असेल." त्याचं बोलणं हसण्यावारी जायचं, माझी कंबर मात्र खरोखर जायची.

जीपमध्ये बसून मी करायची काय, तर ओरडायची. "डावीकडं सायकल." "आबा, म्हैस." "म्हातारी उतरतीय रस्त्यावर, हळू." सोमवारी घसा बसलेला असायचा. मी शाळेत शिकवायची, तर वर्गातल्या पोरांची खात्रीच झाली होती की बाईंना दर सोमवारी सर्दी होते.

आबांनी जन्मभर दुधाचा टेम्पो चालवला. आमच्या बाजूच्या गावांतलं दूध कॅनमध्ये भरून पहाटे शहरात पोचवायचं, हे त्यांचं काम. टेम्पोवर ड्रायव्हरबरोबर एक किन्नर, म्हणजे क्लीनर, असतो. तो डावीकडं बसतो, डावीकडचं बघतो, गाडी मागं घेताना खाली उतरतो आणि पत्र्यावर हातानं थाप मारून ड्रायव्हरला खुणा करतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे येऊ दे, रस्ता मोकळा आहे. आबांचा सगळा जन्म या थापांवर गेला. आरशात बघायची त्यांना सवयच नव्हती. आरसा केस विंचरायला असतो असं त्यांचं मत होतं, आणि त्या कामाला ते तो खरंच वापरायचे. थाप ऐकली की मान न वळवता गाडी घ्यायची. देवावरही त्यांचा एवढा भरवसा नसेल.

वय झाल्यावर, नव्वदनंतरच्या मधल्या वर्षांत कधीतरी, त्यांनी टेम्पो विकला आणि एक जुनी जीप घेतली. आता निवांत बसतील असं आम्हाला वाटलं, पण बसतील ते आबा कसले. कुणाला मुरगूडच्या बाजाराला सोड, कुणाच्या सुनेला बाळंतपणाला ने, कुणाला डोळ्यांच्या दवाखान्यात ने. जीपमध्ये माणसं कोंबलेली बघून कुणी "काय आबा, वडाप सुरू केलंय व्हय?" असं विचारलं की भाड्याची जीप म्हटल्याबद्दल ते भडकायचे. "वडाप न्हवं ही. मानसं हायत आपली."

मला संशय आला तो जीपच्या पत्र्यावरून. उजवी बाजू नव्या नवरीसारखी नीटनेटकी आणि डावी बाजू पोच्यांनी भरलेली. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "म्हशीनं शिंग मारलं." पुढच्या महिन्यात दुसरा पोचा दिसला. "ही पण म्हैस?" "व्हय. तीच." एकाच म्हशीचा आमच्या जीपवर एवढा राग का असावा, हे मी विचारलं नाही. पण त्यानंतरच्या रविवारपासून मी त्यांच्या डावीकडं जाऊन बसायला लागले. कारण एकच होतं. एक ना एक दिवस आबा कुणाला तरी मारतील, नाहीतर स्वतः मरतील, याची मला भीती वाटायला लागली होती. ती भीती पुढं कित्येक वर्षं माझ्याबरोबर जेवली आणि झोपली.

आमच्याकडं कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. एकेका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि मागं ना दिवा ना चमकणारा लाल कागद. दिवस मावळताना अशी ट्रॉली पुढं असली की डोळे चांगले असलेल्याचीही भंबेरी उडते. कागलच्या अलीकडं एकदा अशी ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मला ती दिसली, आबांना दिसली नाही. मी किंचाळले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं जीपच्या काचेवर येऊन टेकली. मग आबा म्हणाले, "दिसत हुतं मला." मी म्हटलं, "मग थांबायचं कधी होतं? रस काढून झाल्यावर?" ते हसले नाहीत, मीही नाही. त्या दिवसापासून सूर्य मावळायच्या आत जीप दारात, असा कायदा मी केला. तो त्यांनी निम्मा पाळला.

मी मास्तरीण, त्यामुळं सांगायची खोड. रक्तदाबाची गोळी बदलली तर दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही, गरगरतं. पट्टा लावायचा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. समोरच्याच्या दिव्यानं डोळे दिपले तर रस्त्याच्या डाव्या कडेकडं बघायचं, दिव्याकडं नाही. वर्षातून एकदा डोळे तपासायचे. हे सगळं मी दर रविवारी म्हणायची आणि ते "व्हय, व्हय" करत पुढं बघायचे. पालथ्या घड्यावर पाणी. फार झालं की म्हणायचे, "मी गाडी चालवत हुतो तवा तुजा जन्म बी झाला न्हवता. रस्ता पाठ हाय मला."

डोळ्यांच्या दवाखान्याची तर मजाच होती. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदू काढायला आबांनीच नेलं. सगळ्यांना आत पाठवायचे आणि स्वतः जीपमध्ये बसून राहायचे. मी म्हणायची, "आलोच आहोत तर तुम्हीपण दाखवा की." "मला काय धाड भरलीया?" ते खिडकीतून पलीकडं बघत म्हणायचे. पलीकडं बघण्यासारखं काही नसायचं, एक भिंत होती.

भाऊ पुण्याला नोकरीला. तो फोनवर म्हणायचा, "ताई, किल्ली काढून घे आणि विषय संपव." फोनवरून किल्ली काढून घेणं फार सोपं असतं. मी एकदा म्हटलं, "तू ये आणि काढून घे." त्यावर त्याच्या ऑफिसात काहीतरी मोठं काम निघालं.

दोन हजार सालानंतर पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी व्हायला लागला आणि माझ्या दुखण्यात भर पडली. कडेची झाडं गेली, मधे दुभाजक आला, उचगावपाशी पूल झाला. आबांचा पाठ असलेला रस्ता कुणीतरी पुसून टाकला होता. आधी शहरातून निघालं की उचगावला मोठ्या रस्त्यावर यायचं आणि सरळ उजवीकडं कागलच्या दिशेला वळायचं. चाळीस वर्षं ते तसंच वळले. आता तसं वळायचं नव्हतं. आता पुलाखालून पलीकडं जायचं आणि मग वळायचं. अलीकडंच वळलं तर आपण समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात.

मी हे त्यांना तीनदा सांगितलं होतं. कागदावर चित्रही काढून दाखवलं होतं. त्या रविवारी पुलाजवळ आल्यावर मी पर्समधून पाण्याची बाटली काढायला खाली वाकले आणि वर बघते तर आम्ही अलीकडंच वळलेलो. समोरून ट्रक येत होते, एक नाही, रांगच. दिवे मारत, भोंगे वाजवत. आबा शांतपणे आपल्या डाव्या बाजूनं चालले होते. चाळीस वर्षं ज्या अंगानं गेले त्याच अंगानं, कारण त्यांच्या डोक्यात रस्ता अजून एकच होता. उलट "काय झालंय रं ह्यास्नी, सगळी उलटी यायल्यात" असं म्हणाले. मी पत्र्यावर हात आपटला, एकदाच, जीव खाऊन. आबांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्या भोंग्यांत माझं ओरडणं त्यांनी ऐकलं नसतं, पण थाप ऐकली. जीप दुभाजकाला लागून उभी राहिली आणि बाजूनं ट्रक आई-बहिणीचा उद्धार करत गेले. एका ड्रायव्हरनं उतरून आमच्यासाठी मागची वाहनं थांबवली आणि जीप फिरवून दिली. आबांकडं बघून एवढंच म्हणाला, "पावणं, घरात बसा की आता."

त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कोल्हापुरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि शाळा सुटल्यावर गाडी शिकायला लागले. शिकवणारा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता आणि मी विद्यार्थ्यांवर ओरडते तसाच माझ्यावर ओरडायचा. लायसन मिळालं, पण आबांनी जीपच्या स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. "ही शिकायची गाडी न्हवं," म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या रविवारी मी त्यांना उचगावच्या पुलापाशी चालत फिरवलं. जीप लांब लावली आणि त्यांचा हात धरून पुलाखालून पलीकडं गेले, परत आले, पुन्हा गेले. उन्हानं डोकं तापलं. लोक बघत होते, या बाईचं आणि म्हाताऱ्याचं काय हरवलंय म्हणून. चित्रावरून जे कळलं नव्हतं ते पायांना कळलं. चौथ्या खेपेला आबाच मला सांगायला लागले. "डोस्क्यावरनं पूल गेला, की मग उजवा. पूल जायाच्या आदी वळायचं न्हाय." गावात गेल्यावर देवळापुढं बसणाऱ्या साऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांना त्यांनी ते समजावून सांगितलं. "अलीकडनं वळला तर कागलला न्हाय, डायरेक्ट वर जाशीला." स्वतः वळले होते हे मात्र गाळलं. मला त्या दिवशी बरं वाटलं. खोटं का बोलू, अभिमानच वाटला. वाटलं, शिकतील, निभावेल.

निभावलं नाही.

बाजाराचा दिवस होता, मी शाळेत होते. शिपाई सांगत आला की गावाकडून फोन आहे. आई जीपखाली आली होती. मी मुरगूडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या हाताला खांद्यापर्यंत प्लॅस्टर होतं, कपाळाला टाके आणि लुगड्याचा पदर फाटलेला. चाक पदरावर चढून थांबलं होतं. लोक ओरडले म्हणून थांबलं. वीतभर पुढं आलं असतं तर पुढचं मी लिहिलं नसतं. आबा बाहेर बाकावर बसले होते. माझ्याकडं बघत नव्हते.

झालं असं की बाजारात जीप मागं घ्यायची होती. मागं माणसं होती, म्हणून आई उतरून मागं उभी राहिली. तेवढ्यात गावातल्याच एकानं पेंडीचं पोतं जीपमध्ये टाकलं आणि ते नीट बसावं म्हणून पत्र्याला टेकवून त्यावर दोनदा हात मारला, तसा पत्रा वाजला. आबांनी दोन थापा ऐकल्या. मान न वळवता त्यांनी गाडी मागं घेतली.

"पण त्यांनी आधी बघायचं नाही का?" मी आईवर खेकसले. ती पडलेली, प्लॅस्टरमधली, आणि मी तिच्यावरच खेकसत होते. "कुणीही थाप मारली की गाडी घ्यायची?"

"त्यास्नी वाटलं मीच मारली," आई म्हणाली.

"तू? तू कशाला मारशील थाप?"

आईनं प्लॅस्टरचा हात सावरून घेतला. मग म्हणाली, "रोज कोन मारतंय? तू येतीस रविवारी. बाकीचं दिवस कोन असतंय त्यांच्या डावीकडं?"

मला खरंच कधी हा प्रश्न पडला नव्हता. आठवड्यातल्या बाकीच्या दिवशी जीप फिरतच होती, आणि आई प्रत्येक वेळी पुढं बसायची. मला वाटायचं, बाजाराची हौस. ती कधी शाळेत गेली नव्हती, सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. पण डावीकडचं बघायचं, एक थाप, दोन थापा, हे सगळं ती शिकली होती. माझं रविवारचं सुरू व्हायच्या आधीपासून.

"म्हणजे तुला माहीत होतं त्यांना दिसत नाही ते."

"व्हय."

"आणि तू त्यांना चालवू दिलंस?"

"गाडी काढून घेतली तर वसरीवर बसतील," आई म्हणाली. "आन् बसल्याला मानूस लौकर जातुया, बाळ. बघितल्यात की आपन." मग फाटका पदर सारखा करत, "मलाबी भ्या वाटायचं. रोज वाटायचं. करायचं काय?"

मला दोघांचाही इतका राग आला होता की रडायलाही आलं नाही. मी त्या बाकावर आबांच्या शेजारी जाऊन बसले.

डोळ्यांच्या दवाखान्यात या वेळी आबा स्वतः आत आले. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. मोतीबिंदू थोडा होता, पण खरं दुखणं दुसरंच निघालं, काचबिंदू. समोरचं दिसतं आणि कडेचं हळूहळू जातं, आणि गेलेलं परत येत नाही. डावा डोळा जास्त गेला होता. उरलंय ते टिकावं म्हणून रोज थेंब घालायचे. आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं तो म्हणाला, आणि आबांनी मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरनं दोनदा सांगितलं. आबांनी एकच विचारलं.

"सरळ रस्त्यावर बी न्हाय?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी टेबलाकडं बघत राहिले.

पण किल्ली त्यांनी कुणाला दिली नाही. जीप दारात उभी, किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. रोज सकाळी ते जीप धुवायचे. चालवत मात्र नव्हते. आज नाही, पण उद्या? भावाचा फोन यायचा, "विकून टाका." आई एका हातानं चूल सांभाळत मला दटावायची, "त्यास्नी काय बी बोलू नगंस." मी रविवारी जायची, आईचा स्वयंपाक करायची आणि परत यायची. खिशातल्या त्या किल्लीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दारात बघायची. माझ्या अंगात भांडायची ताकदच उरली नव्हती, हे खरं.

आईचं प्लॅस्टर काढायला कोल्हापूरला यायचं होतं. मी रजा टाकून सकाळच्या बसनं गावात गेले. दोघांना बसनंच आणायचं ठरवलं होतं. गल्लीत शिरले आणि जीपचं इंजिन चालू असल्याचा आवाज आला. म्हटलं, आज भांडायचंच, गल्ली जमली तरी चालेल, चाकापुढं आडवी पडेन पण आईला या गाडीत बसू देणार नाही.

आबा जीपच्या बाहेर उभे होते. इस्त्रीचं धोतर, टोपी. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडून धरलेला.

"बस," म्हणाले.

मी सवयीनं पलीकडच्या बाजूला जायला लागले.

"तिकडं न्हवं. हिकडं."

मी बसले. त्यांनी आईला हाताला धरून मागं चढवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसले. पुढची डावी सीट रिकामीच राहिली. मी मनाची तयारी केली. आता मुरगूडपासून कोल्हापूरपर्यंत हे मला शिकवणार. गिअर असा टाक, क्लच असा सोड, ही शिकायची गाडी न्हवं. गल्लीतून बाहेर पडताना माझा क्लच सुटला आणि जीप घोड्यासारखी उडाली. मागून आवाज आला नाही. कागलच्या अलीकडं मी एका खड्ड्यात गाडी घातली, चांगलीच आदळली. तरी आवाज नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मला राहवेना. मी आरशात बघितलं.

दोघंही झोपले होते. आबांची टोपी सरकून कानावर आली होती, तोंड उघडं. आईचं डोकं त्यांच्या खांद्यावर आणि प्लॅस्टरचा हात त्यांच्या मांडीवर. बाजूनं ट्रक भोंगे वाजवत जात होते आणि त्यांना कशाचाही पत्ता नव्हता. या जीपमध्ये त्या दोघांना डोळा लागलेला मी कधीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं एकजण न दिसणाऱ्या रस्त्याकडं डोळे ताणून बसला होता आणि दुसरी त्याच्या वाटणीचं बघत होती, रोज, जीव मुठीत धरून. आणि मला वाटत होतं की दमलेली मी एकटीच आहे.

दवाखान्यापुढं जीप लावली. नंबर लागायची वेळ झाली होती, आत नाव पुकारत असतील हेही कळत होतं. तरी मी बराच वेळ त्यांना उठवलं नाही.